डावा जबडा

घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांचा गोळा करून ओकून टाकतं. ते गोळे भिजवायचे, चिमट्याने सोडवायचे, आणि माळावर कोण कोण राहतं ते हाडांवरून ओळखायचं, हे आमच्या प्रयोगशाळेतलं काम. ओळखणं मॅडमचं, भिजवणं माझं. मला सगळे मामा म्हणतात. माझ्या खोड्यांतून कॉलेजात कुणी सुटलेलं नाही. प्राचार्यांच्या खुर्चीत मी टाय घातलेला सांगाडा बसवलाय.

मॅडम तीन वर्षं लाल दातांची चिचुंद्री शोधत होत्या. ती निघाली तर मागचा माळ वाचणार, नाहीतर तिथे गोदामं. सोमवारी अहवाल द्यायचा होता आणि बाईंचं तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, जरा हसवू. संग्रहाच्या कपाटातून त्या चिचुंद्रीचा एक जुना डावा जबडा काढला, हाडावरचा शाईचा नंबर ब्लेडने खरवडला आणि भिजत्या गोळ्यात खुपसला.

डावाच, कारण मोजणी डाव्यांचीच होते. एक डावा जबडा म्हणजे एक जनावर. उजवेही धरले तर एकच जनावर दोनदा मोजलं जायचं.

मॅडमना तो सापडला. त्या मटकन खाली बसल्या आणि आईला फोन लावला. "आई, आहे गं ती! अजून आहे!"

माझं 'फसलात!' घशातच अडकलं. चहानंतर सांगू म्हटलं. चहानंतर, उद्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नवे गोळे आणले. पाण्याच्या टाकीखालून, स्वतः वेचून, अजून ओलसर. पहिल्याच गोळ्यात लाल दात. डावा जबडा, मागची दाढ तुटलेली. मी ठेवलेल्याचीही तुटलेलीच होती. मॅडमनी कालचा जबडा ज्या बाटलीत ठेवला होता ती धावत जाऊन बघितली. पहिला आत होता.

मॅडमनी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले.

"मामा, दोन्हींवर एकाच जागी ब्लेडची खरवड आहे."

मग ओकावंच लागलं मला. सगळं.

"आणि दुसरा?"

"आईशप्पथ, तो मी नाही ठेवला."

"माझ्या डब्यात काचेचा डोळा ठेवलात तेव्हाही आईचीच शपथ घेतली होतीत."

"ती गंमत होती हो!"

"आणि ही काय होती?" त्यांनी बंद पिशवीतून स्वतः एक गोळा निवडला. "बाह्या वर करा. माझ्यासमोर सोडवा."

केस बाजूला झाले. लाल दात. तुटकी दाढ. खरवड. मी चिमटा ट्रेवर ठेवला आणि दोन्ही हात उघडून दाखवले.

मॅडमनी माझ्या रिकाम्या तळहातांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग अहवाल ओढून चिचुंद्रीची ओळ खोडली.

"बाई, मी प्राचार्यसाहेबांना जाऊन सांगतो, चूक माझी म्हणून. माळ—"

"काय सांगणार? एकच मेलेलं जनावर रोज खाल्लं जातंय म्हणून? त्या माळावर खरी एखादी असेलही, मामा. आता माझ्या हाताने ती लिहिता येणार नाही."

पिशवीत अजून चार गोळे होते. मी सवयीने पुढचा उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडले होते त्यांचे.

"नको," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे तिला."