काकांचा टाक आणि काकूंची घडी

तुमच्या वितीएवढी लांब, जिभेसारखी चपटी आणि एका टोकाला निमुळती, अशी मी एक जुनी हाडाची पट्टी आहे. मित्रांनो, जाड कागदाला नेटकी घडी घालायची असली की घडीवरून मला दाबून फिरवतात. माझे काम एवढेच. पण या घरात मला कोणी पट्टी म्हणत नाही. सगळे 'हाडूक' म्हणतात. नव्या गिऱ्हाइकासमोर काकूंनी "अहो, माझं हाडूक कुठं ठेवलंत?" असे ओरडून विचारले की गिऱ्हाईक बिचारे दचकते.

जन्मभर ओझी ओढून म्हातारपणी मेलेल्या एका बैलाच्या नडगीतून एका कारागिराने मला कापून काढले. त्याने मला उकळले, दगडावर घासले आणि तेलात मुरवले. काकूंचे वडील पुस्तके बांधत. त्यांनी मला वीस वर्षे वापरले आणि लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये टाकले. ते म्हणाले, "दागिने मोडशील, पण हे मोडू नकोस."

काका लग्नाच्या पत्रिका हाताने लिहीत. पुढच्या खोलीत खिडकीशी एक लांब टेबल होते. एका टोकाला काका, त्यांची दौत आणि टाक. दुसऱ्या टोकाला काकू आणि मी. हाताने बनवलेला कागद, त्यात सुताचे धागे दिसायचे, कडा ओबडधोबड. काका लिहायचे, काकू कापायच्या, घड्या घालायच्या, रेशमाचा दोरा बांधायच्या. लोक म्हणायचे, "काकांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे!" घडीचे कौतुक मात्र कोणी केले नाही. बरोबरच आहे. चांगली घडी दिसतच नाही, वाकडी घडी तेवढी दिसते. पण मी सांगते, दीडशे पत्रिकांची चळत काकूंनी टेबलावर ठोकली की एका कागदाचेही टोक बाहेर येत नसे.

पुढे पत्रिका फोनवर जाऊ लागल्या. मी दोन वर्षे खणात पडून होते, वाळलेल्या डिंकाची नळी आणि गंजलेल्या टाचण्या यांच्या संगतीत. तेल न मिळाल्याने माझ्या अंगावर केसासारखी बारीक चीर पडली.

आणि एके दिवशी दारात एक मुलगी आली. ती दातांची डॉक्टर होती आणि तिचे लग्न पाच महिन्यांवर आले होते.

"काकू, पत्रिका नंतर. आधी नुसती तारीख कळवायचीय. सगळे लांबलांब पांगलेत, त्यांना रजा काढायला वेळ मिळायला हवा."

"म्हणजे आमंत्रणाचं आमंत्रण!" काका हसले.

"तसंच समजा. पण फोनवर नको. फोनवरचं लोक बघतात आणि विसरतात. हातात धरता येईल असं काहीतरी द्या."

काकूंनी मला खणातून काढले, पुसले, तेलाचे बोट फिरवले. काय सांगू तो आनंद!

सत्तर कार्डे ठरली. प्रत्येकावर मधोमध मोठ्या अक्षरात तारीख, १९. काकांनी तीन दिवसांत ती लिहिली. चौथ्या दिवशी दुपारी काका जेवून आडवे झाले आणि काकू घड्या घालायला बसल्या. दहाव्या कार्डावर त्यांचा हात थांबला. तिथे १६ लिहिले होते. त्यांनी सगळा गठ्ठा पाहिला. अकरा कार्डांवर १६! नुसती तारीख कळवायच्या कागदावर तारीखच चुकलेली.

काकूंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले. गेले काही महिने काका कपाबाहेर चहा ओतत होते, वर्तमानपत्र तिरके धरत होते. विचारले की म्हणत, "चष्म्याचा नंबर वाढलाय." काकूंना त्यातले खरे कळत होते, पण त्या बोलल्या नव्हत्या. ही अकरा कार्डे पुन्हा लिहा म्हणावे तर सगळेच बोलावे लागणार. शिवाय कागद मोजून आणलेला होता.

त्यांनी ब्लेड घेतले. सहाचा आकडा हलक्या हाताने खरवडला. कागदाचे धागे उभे राहिले. मग त्यांनी मला उताणे धरून ते धागे दाबून दाबून बसवले. शेवटी त्यांनी काकांचा टाक उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! आणि श्वास रोखून नऊ काढला. काका झोपलेले असताना, रोज दोन-तीन, असे चार दुपारी हे काम चालले.

कार्डे न्यायच्या दिवशी काका सवयीप्रमाणे प्रत्येकावरून बोट फिरवत होते. एकदम थांबले.

"अगं, सगळा कागद खरखरीत. मग तारखेखालीच गुळगुळीत कसा?"

काकूंनी हातातला रेशमाचा दोरा खाली ठेवला.

"किती?"

"अकरा."

"खरवडलं कोणी?"

"मी."

"आणि हा नऊ?"

"तोही मीच."

काकांनी कार्ड डोळ्याच्या कडेशी नेऊन तिरक्या नजरेने पाहिले. बराच वेळ पाहिले. "मला वाटलं, माझाच आहे," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी टाक पुसला, दौतीला बूच लावले आणि ते आत गेले.

आठ दिवस त्यांची खुर्ची रिकामी राहिली. डॉक्टरांनी सांगितले, नजरेचा मधला भाग गेला आहे, चष्म्याने भागणार नाही. कडेचे तेवढे दिसत राहील.

नवव्या दिवशी ती मुलगी दीडशे पत्रिकांचे काम घेऊन आली. काकू चाचरत म्हणाल्या, "अगं, आमचं आता जरा..."

"होईल," आतून काकांचा आवाज आला. "काकू लिहितील."

"आणि घड्या हो?" काकूंच्या तोंडून निघून गेले.

काका भिंतीला हात लावत बाहेर आले. काकूंच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी तळहात पुढे केला. "हाडूक इकडे दे. घडीला डोळे लागत नाहीत."

मित्रांनो, त्या हाताने मला कधी धरलेच नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी मला टाकासारखे चिमटीत धरले. घडी अशी तिरपी आली की काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, कागद आहे तो, मांजर नव्हे. कुरवाळू नका, दाबा!" काका कडेवर कड ठेवून अंगठ्याने चाचपायचे आणि मला ओढायचे. आठवड्याभरात त्यांना सरळ रेघ बोटांनी दिसू लागली.

काकूंचे शिक्षण त्याहून अवघड होते. चाळीस कागद केराच्या टोपलीत गेले. पण काका कानाने शिकवत. "टाक कुरकुरतोय. उभा धरलास. थोडा निजव." पुढच्याच ओळीला, "आता शाई जास्त झाली. आवाज ओला येतोय." काकू थक्क होऊन बघत राहत. मीसुद्धा! इतकी वर्षे मी त्या टेबलावर होते, पण शाईला आवाज असतो हे मला माहीत नव्हते.

ठरल्या दिवशी मुलगी आली. तिने पत्रिका उघडली.

"अक्षर वेगळं आहे," ती म्हणाली.

"माझं आहे," काकू म्हणाल्या. "काकांसारखं देखणं नाही. पसंत नसेल तर सरळ सांग."

तिने पत्रिका पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवत. "काकांचं अक्षर छापल्यासारखं होतं. हे वाचताना कोणीतरी दारात उभं राहून 'ये हं नक्की' म्हणतंय असं वाटतं." मग तिने घडीवरून बोट फिरवले. "आणि ही घडी किती सुरेख आहे!"

काकांनी मान खाली घातली. त्यांच्या घडीचे ते पहिले कौतुक, आणि माझेही.

आता माझे टोक झिजले आहे आणि चीर थोडी वाढली आहे. तरी हातात काम आहे, तोवर माझी तक्रार नाही. अवजारे पुसून, तेल देऊन जागेवर ठेवा, हे तुम्हाला मोठी माणसे सांगतीलच. मी एवढेच विनवते, मित्रांनो, की घरातल्या कोणाचा हात थकला, नजर गेली, तर "आता तुम्ही स्वस्थ बसा" म्हणून त्याची खुर्ची टेबलापासून दूर सरकवू नका. त्याला जमेल असे दुसरे काम शोधा, ते त्याच्या हातात द्या आणि पहिल्या चार घड्या वाकड्या आल्या तर हसून घ्या.