उसनी लाल टोपी

"कागद कुठंय?" टेबलापलीकडच्या कारकुनाने तिसऱ्यांदा विचारलं.

हुआंग सूयिनने आधी दोनदा दिलेलं उत्तरच पुन्हा दिलं. कारखाना माझा आहे, अख्ख्या लुओच्याओला ते माहीत आहे, कोणालाही विचारा. कारकून चाळिशीचा, सोशिक माणूस होता. त्याच्या सदऱ्याची बटणं सूयिनच्याच कारखान्यातली होती, हे तिने दारातून आत येतानाच ओळखलं होतं.

"मावशी, गावाला काय, सगळंच माहीत असतं. त्यावर मला शिक्का मारता येतो का? सरकारी दप्तरात हा कारखाना गावाचा आहे. लुओच्याओ सामूहिक बटण कारखाना क्रमांक दोन. तो तुमचा असेल तर तसं लिहिलेला एखादा कागद असेल ना कुठंतरी?"

कागद होता. बारा वर्षांपूर्वी सूयिनने तो स्वतःच्या हाताने चुलीत घातला होता, पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

नवरा गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि मुलगा हाईबो सहा वर्षांचा. कावडीच्या दोन टोपल्यांत बटणं घेऊन ती पुलाच्या तोंडाशी बसायची. टोपल्यांची पथारी झाली, पथारीची शेड झाली, शेडमध्ये यंत्रं आली आणि चौऱ्याऐंशी साल उजाडेपर्यंत तिच्याकडे एकोणीस बायका कामाला होत्या. तिथेच घोडं अडलं. सात माणसं ठेवली तर तो घरगुती धंदा, आठवं ठेवलं की ते शोषण, असा त्या काळचा नियम. तेव्हा गावातल्या कम्युनिस्ट पक्षशाखेचे सचिव असलेले वेईकाका एका संध्याकाळी शेडमध्ये आले, यंत्रांकडे पाहून खुदकन हसले आणि म्हणाले, सूयिन, तू लाल टोपी घाल.

लाल टोपी म्हणजे काय ते किनारपट्टीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारखाना आपला, पैसा आपला, घाम आपला, पण पाटी गावाची. गावाला वर्षाकाठी काहीतरी द्यायचं आणि त्यांच्या नावाच्या सावलीत निवांत काम करायचं. सामूहिक म्हटल्यावर करातही सूट मिळायची. गावात क्रमांक एकचा बटण कारखाना कधीच नव्हता, पण क्रमांक दोन म्हटलं की मागे काहीतरी आहे असं वाटतं, असं वेईकाकांचं म्हणणं. पाटी लागली त्याच दिवशी दोघांनी आपापसात एक कागद केला. कारखाना सूयिनच्या पैशाने उभा आहे, गावाने फक्त नाव उसनं दिलं आहे. दोन प्रती, दोघांचे शिक्के, एकेकाकडे एकेक.

मग एकोणनव्वदचा उन्हाळा आला. राजधानीत विद्यार्थ्यांचं जे झालं त्याबद्दल लुओच्याओत कोणी बोलत नव्हतं, पण रेडिओवर रोज सकाळी खासगी मालकांचा उद्धार सुरू झाला. शेजारच्या गावातल्या कपड्यांच्या चेन बनवणाऱ्याला तपासणी पथकाने उचललं, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे अगदी असाच एक कागद होता. सूयिनची पाचावर धारण बसली. पहाटे पेज शिजत असताना तिने तांदळाच्या रांजणातून कागद काढला आणि जाळात सरकवला. त्याची राख झाली तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आता तिला आठवू नये असं वाटे, आणि तेच सारखं आठवे.

यंदा, म्हणजे दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, वारं फिरलं. मालक लोकांनाही पक्षात घेणार, असं वर्तमानपत्रात ठळक छापून आलं. नगर कार्यालयाच्या भिंतीवर नोटीस लागली, की ज्यांनी उसनी टोपी घातली आहे त्यांनी महिनाअखेरपर्यंत यावं आणि खरी मालकी नोंदवावी. सूयिनने ती नोटीस तीनदा वाचली. सतरा वर्षं दुसऱ्याच्या नावाने वावरलेल्या बाईला एकदाचं आपलं नाव पाटीवर पाहायचं होतं, यात तिचं काय चुकलं? ती सगळ्यांच्या आधी जाऊन अर्ज देऊन आली. हाईबो म्हणाला होता, थोडं थांब, बाकीचे काय करतात ते बघू. तिने ऐकलं नाही. आणि अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी तिला कळलं, की नगर कार्यालय आपले सामूहिक कारखाने विकायला काढत आहे आणि क्रमांक दोनसाठी फांगशेठचा अर्ज कधीचा येऊन पडला आहे.

फांगशेठ म्हणजे रस्त्यांचा आणि इमारतींचा ठेकेदार. पंधरा वर्षांपूर्वी तो तिच्या शेडवर कौलं चढवायला आला होता.

कारकुनाकडून निघून ती तडक वेईकाकांकडे गेली. एक्याऐंशी वर्षांचे काका अंगणात बसून सुपात मुळ्याच्या फोडी वाळत घालत होते. तिने सगळं सांगितलं, कागद जाळल्याचंसुद्धा. आजवर ते तिने पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

"तुमची प्रत असेल ना, काका?"

काका फोडी पसरत राहिले. सूयिनला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तू जाळलीस. मला जाळायचीसुद्धा हिंमत झाली नाही. त्याच उन्हाळ्यात आत्मटीका लिहून द्यायला सांगितली होती सगळ्या सचिवांना. मी चार पानं लिहिली. मी एका खासगी मालकिणीला गावाचं नाव दिलं, ही माझी चूक. आणि सोबत तो कागद जोडला."

"म्हणजे मला पकडून दिलंत?"

"दिलं. वर कोणीतरी दाबून ठेवलं म्हणून वाचलीस. बारा वर्षं तू दर सणाला माझ्याकडे मासे पाठवतेस आणि दर वेळी तो घास माझ्या नरड्यात अडकतो."

सूयिनला राग यायला हवा होता. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट लखकन चमकली होती, की कागद शाबूत आहे. नगर कार्यालयाच्या कुठल्यातरी कपाटात, काकांच्या चार पानांना टाचलेला. तिने काकांचे मुळ्याने ओले झालेले हात धरले आणि म्हणाली, फार बरं केलंत. काका तोंड फिरवून रडायला लागले. त्यांना माहीत होतं ते तिला अजून कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगर सचिव शेन यांनी तिला लगेच आत बोलावलं. स्वतः उठून चहा ओतला. कोपऱ्यातल्या खुर्चीत फांगशेठ संत्रं सोलत बसला होता. तिला पाहून तो अर्धवट उठला आणि "या मावशी" म्हणाला. महिन्याभरापूर्वीच तो पक्षाच्या शाळेत पंधरा दिवसांचा वर्ग करून आला होता आणि आता पक्षाचा उमेदवार सदस्य होता. परगण्याच्या सभेतही तो आता बसत असे.

सूयिनने कागदाचा विषय काढला. ते कानांवर हात ठेवतील, मग आपण भांडू, असं तिने रात्रभर ठरवून ठेवलं होतं. शेननी ड्रॉवर उघडला आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

तोच होता. वेईकाकांचा शिक्का, तिचा शिक्का, तिचं तेव्हाचं मोठ्ठं, ओबडधोबड अक्षर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा खरा आहे, ताई," शेन म्हणाले. "मी तो खोटा म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता याच्यावर शिक्का मारून तुमची मालकी मान्य करतो."

तिचा विश्वास बसेना.

"मग मारा."

"मारतो. पण मग पुढचं ऐका. कारखाना पहिल्या दिवसापासून खासगी होता, असं हा कागद सांगतो. म्हणजे सतरा वर्षं तुम्ही सामूहिक म्हणून जी करसवलत घेतलीत ती खोटं सांगून घेतलीत. दर वर्षी त्या खोट्याखाली सही झाली आहे. गेली नऊ वर्षं ती सही कोणाची आहे?"

ती हाईबोची होती. हिशेबाचं शिक्षण घेऊन आलेल्या मुलाला तिनेच मोठ्या कौतुकाने त्या खुर्चीत बसवलं होतं.

"सगळ्यांनीच घेतली सवलत," ती म्हणाली. "तुम्हीच नोटीस लावलीत, या म्हणून. पुढे येणाऱ्याला असं करायचं का?"

"नोटिशीत मालकी नोंदवा असं लिहिलंय. माफीचं त्यात काही नाही." शेनचा आवाज जराही चढला नाही. "मी जबरदस्ती करत नाहीये. कागद खरा, तर कारखाना तुमचा आणि करचुकवेगिरीचं प्रकरण मला वर पाठवावं लागेल. त्यात सात-आठ वर्षांची कैद होते. कागद नाही, तर कारखाना गावाचा, मुलगा घरी आणि तुम्हाला सन्मानाने निवृत्ती. तुम्ही सांगाल तसं."

फांगशेठने सोललेलं अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं.

"मावशी, बायकांना कामावरून काढणार नाही मी," तो म्हणाला, आणि ते बहुधा खरंही असावं.

संत्रं तसंच ठेवून ती उठली. आपलंच माणूस चुकलं असतं तर तिने त्याला भर कारखान्यात सोलून काढलं असतं. इथे कोणावर ओरडावं तेच कळत नव्हतं. शेन खोटं बोलत नव्हते. कागद खोटं बोलत नव्हता. खोटं बोलली होती ती एकटी, आणि तेही सगळ्यांच्या संमतीने.

संध्याकाळी जेवताना तिने हाईबोला सांगितलं. त्याने वाडगा खाली ठेवला.

"लढ तू," मग तो म्हणाला. "सही माझी आहे ना, मी जाईन आत. सात वर्षं म्हणजे काही जन्म नाही. परत येईन तेव्हा कारखाना असेल."

बोलता बोलता तो ताटलीतला खारा शेंगदाणा काड्यांनी उचलायला बघत होता. शेंगदाणा निसटत होता. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. पस्तिशीला टेकलेल्या आपल्या मुलाची ती धडपड सूयिनने पाहिली, आणि तिचा निर्णय तिथेच झाला. तिने हाताने मूठभर शेंगदाणे उचलून त्याच्या वाडग्यात घातले.

"जेव," ती म्हणाली. "उद्या मी सही करून येते."

"आई—"

"जेव म्हटलं ना."

सही नगर कार्यालयाच्या सभागृहात झाली, समारंभपूर्वक. सूयिनच्या छातीवर कागदी लाल फूल टाचलं होतं. शेननी भाषण केलं. एका सामान्य विधवेने गावाच्या मालमत्तेची सतरा वर्षं स्वतःच्या लेकरासारखी काळजी घेतली, सामूहिक वृत्ती म्हणतात ती हीच, असं ते म्हणाले. व्यासपीठावर त्यांच्या उजव्या हाताला फांगशेठ बसला होता, नव्या कोटात. सूयिनने लेखी मान्य केलं, की कारखाना आरंभापासून गावाचाच होता. तिचं अक्षर आता पुष्कळ सुधारलं होतं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळे वाजवताहेत म्हणून तिनेही वाजवल्या. समोरच्या रांगेतल्या कामगार बायकांपैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. वेईकाकांना निमंत्रण होतं, पण ते आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिचे पाय आपोआप कारखान्याकडे वळले. फाटकापाशी पोचल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं. पहारेकरी सोंग खुर्चीतून घाईने उठला आणि उभाच राहिला. त्याला तिनेच कामाला ठेवलं होतं.

"मावशी, आत नाही सोडता यायचं," तो अडखळत म्हणाला. "कालच हुकूम आलाय. मला दोष देऊ नका."

"तुला कशाला दोष देऊ? मी निघालेच आहे."

पण ती निघाली नाही. आतून बटणं घासायच्या पिंपांचा आवाज येत होता. सहा पिंपं ओळीने फिरत होती, आत पाणी, घासायची पूड आणि हजारो कोरी बटणं. त्यातल्या चौथ्याचा आवाज वेगळा होता. कोरडा, खरखरीत.

"सोंग, चौथ्यात पाणी कमी घातलंय. बटणांवर ओरखडे येतील. जरा आत जाऊन सांग."

सोंग आत गेला. परत आला तेव्हा तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

"नवे साहेब विचारतायत, कोण सांगतंय."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, बाहेरच्या माणसांनी काही सांगायचं असेल तर कार्यालयात अर्ज द्यावा."

सूयिनने मान हलवली. बटणं कापायच्या पाळीच्या बायका तिच्या शेजारून खाली मान घालून आत गेल्या. एकीने जाता जाता तिच्या दंडाला नुसता हात लावला. चौथं पिंप तसंच खरखरत होतं. त्यातला माल बाहेर काढायला अजून चाळीस मिनिटं होती. तेवढा वेळ सूयिन फाटकाबाहेर उभी राहिली, डोळे मिटून, आणि आपली बटणं खराब होताना ऐकत राहिली.