घेराला लागलेलं मेण

सोमवारी सकाळी सव्वादहाला सरदारांची सून दोन पोशाख घेऊन रफूच्या दुकानात आली. एक सासूबाईंचा करडा, जुना. दुसरा मुलीचा, पांढरा, कोरा.

"गुरुवारी सासूबाई नातीला राणीसाहेबांपुढे नेणार आहेत," सून म्हणाली. "मुलीला नेणारी बाई दरबाराच्या यादीतलीच लागते ना! पांढऱ्याची लांबी जरा कमी करा. पायात आला तर फजिती व्हायची."

रफूवालीने मान डोलावली.

एकवीस वर्षं ती दरबारी पोशाख साफ करत होती. राजवाड्याच्या फरशीला पिवळं मेण घासतात. राणीपुढे गुडघा टेकला की ते घेराच्या आत लागतं, आणि टीपकागद ठेवून इस्त्री फिरवल्याशिवाय निघत नाही. करडा पोशाख दर दरबारानंतर धुवायला येई. गेली तीन वर्षं त्याला मेण नव्हतं. पाठीवर मात्र हिरव्या रंगाच्या आडव्या रेघा असायच्या. राजवाड्यासमोरच्या बागेतली बाकं दरबाराच्या आठवड्यातच हिरवी रंगवतात.

गिऱ्हाइकाचं गुपित बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. पण गुरुवारी त्या मुलीला सगळ्यांसमोर दारातून परत पाठवलं असतं.

मंगळवारी सुनेच्या सासूबाई, सरदारांच्या बाईसाहेब, करड्या पोशाखाच्या मापासाठी आल्या.

"कंबर सैल कर गं. वर्षभर खाल्लेलं सगळं तिथंच बसलंय."

रफूवाली टाचण्या लावत राहिली. मग म्हणाली, "बाईसाहेब, तीन वर्षं ह्याला मेण लागलेलं नाही."

आरशातला चेहरा हलला नाही.

"तीन वर्षं ठाऊक आहे तुला?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही पोशाख आणत होता, मी धुवत होते."

बाईसाहेब स्टुलावर बसल्या. "थोरल्या राणीसाहेब गेल्या आणि नवी यादी झाली. मला कुणी काढलं असं नाही. कुणी घातलं नाही, एवढंच. घरी काय सांगणार? निघायचे, बागेत बसायचे, तीन तासांनी परत."

"आता मुलीचं काय?"

"त्याचाच घोर लागलाय. सूनबाईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय."

"दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा."

"ह्या वयात कुणाच्या हातापाया पडू? कोण अजून यादीत आहे, तेही मला माहीत नाही."

रफूवालीने भिंतीकडच्या दांडीवरचे, इतर गिऱ्हाइकांचे धुवायला आलेले सहा दरबारी पोशाख एकेक करून उलटे केले, घेर बाहेर. चार पोशाखांच्या आतल्या बाजूला पिवळट पट्टा होता.

बाईसाहेब उठल्या, चष्मा लावला आणि चारही पोशाख नीट पाहिले. तिसऱ्यापाशी जरा जास्त थांबल्या.

"हिच्या लग्नात मी हिला हसले होते," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

गुरुवारी दुपारी तीनला आजी आणि नात गाडीत बसून निघाल्या.

शनिवारी सून दोन्ही पोशाख घेऊन आली. ती खुशीत होती. "अगदी पुढे उभं केलं म्हणे! पोरगी सांगते, आजी पूर्ण वेळ शेजारीच होती."

"हो का? छान झालं," रफूवाली म्हणाली.

सून गेल्यावर तिने पांढऱ्या पोशाखाचा घेर उलटला. गुडघ्याच्या जागी तळहाताएवढा पिवळा डाग होता. करड्याला मेण नव्हतं. पाठीवर तीन हिरव्या रेघा होत्या, अजून पुरत्या न वाळलेल्या.

मुलीला आत कुणी नेलं, ते कळलेलं नाही. बाईसाहेब ज्याच्यापाशी थांबल्या होत्या, तो तिसरा पोशाख त्याच्या मालकिणीचा नोकर बुधवारीच घेऊन गेला. तो अजून धुवायला आलेला नाही.