रांगेच्या तळाशी

शनिवारी दुपारी पूर्णिमा भाजी घेऊन वर निघाली, तेव्हा लिफ्टमध्ये सरुबाई आधीच उभी होती. हिंजवडीतल्या त्या इमारतीच्या जागी पूर्वी सरुबाईची भातखाचरं होती. आता तिचे तिथं दोन-तीन फ्लॅट होते आणि भाडेकरूंनी चपला कुठं काढाव्यात इथपासून सगळ्यावर तिचं मत असे. पूर्णिमा वर्ध्याहून नोकरीला आलेली, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. दोघींचं बोलणं आजवर मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं.

सहाव्या मजल्याच्या थोडं वर लिफ्टला हिसका बसला. दिवा गेला, पंखा थांबला. मग कोपऱ्यातला लहान दिवा लागला आणि त्याच्या पिवळट उजेडात दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळपासून वीज जात-येत होती. पूर्णिमानं घंटेचं बटण दाबलं. तक्रार थेट लिफ्ट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये जाते हे तिला ठाऊक होतं, कारण कोणत्या तंत्रज्ञाला कुठं पाठवायचं हे ठरवणारा प्रोग्राम तिच्याच टीमनं लिहिला होता. ती निर्धास्त होती. मावशी, पाच-दहा मिनिटांत येतील, असं तिनं सांगूनही टाकलं.

पण बराच वेळ कोणी आलं नाही. वॉचमन नागोराव सहाव्या मजल्यावर येऊन दाराच्या फटीतून बोलून गेला. ब्रेक सोडायची किल्ली कंपनीच्या माणसाकडेच असते आणि अग्निशमनवाल्यांना बोलावून दार तोडायला सोसायटीचे अध्यक्ष नाही म्हणतात. जिवावर बेतलं तर सांगा, असा अध्यक्षांचा निरोप होता.

"म्हंजी मेल्यावर सांगायचं व्हय?" सरुबाईनं फटीकडं बघून विचारलं. नागोराव जिना उतरून गेला.

हवा जड झाली. सरुबाईचा मोबाइल घरी राहिला होता. ती एकदा दाराला टेकायची, एकदा खाली बसायची, पुन्हा उठायची. पूर्णिमाच्या पाठीवरून घाम ओघळत होता. भिंती जवळ आल्यासारखं तिला वाटू लागलं, आणि एकदा वाटलं ते जाईना. तिनं टीममधल्या अभिनवला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी तो ड्यूटीवर होता.

अभिनवनं पडद्यावर शोधलं. तिची तक्रार होती, पण बरीच खाली. वीज गेल्यामुळं शहरभर लिफ्ट अडकल्या होत्या. निकडीनुसार रुग्णालयांना सर्वांत जास्त वजन, त्याखालोखाल ऑफिसांना, आणि घरांना सगळ्यात कमी, असं टीमप्रमुख अनिरुद्ध सरांनी ठरवून दिलेलं होतं.

"खाली असली तर हळूहळू वर येईल ना," पूर्णिमा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

ती वर येणार नव्हती. पूर्वीचा प्रोग्राम सगळ्या तक्रारींची एक लांबलचक यादी ठेवायचा आणि नवी तक्रार आली की पुन्हा सगळी यादी क्रमानं लावत बसायचा. गर्दीच्या दिवशी तो धापा टाकायचा. पूर्णिमानं त्या जागी हीप नावाची रचना आणली होती. त्यात तक्रारी उतरंडीसारख्या रचलेल्या असतात. सर्वांत निकडीची शेंड्यावर, आणि प्रत्येकीच्या खाली तिच्याहून कमी निकडीच्या. शेंड्यावरची उचलली की मोजक्याच अदलाबदलीत पुढची वर येते. बाकीच्यांना क्रमानं लावायची गरजच नाही, म्हणून तर ती वेगवान. पण ज्याचं वजन कमी, तो तळाशी. आणि जड तक्रारी येत राहिल्या तर तो तळाशीच. किती वेळ थांबलाय हे त्या रचनेला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तळाशी बसलेल्याला कसं वाटतं, हे पूर्णिमाला आता पिवळट उजेडात समजत होतं.

सरुबाई कान देऊन ऐकत होती. आजारी माणूस असलं की लवकर येतात, एवढं तिला बरोबर समजलं.

"मग सांग की, म्हातारीला झटका आलाय. मी पडून ऱ्हाते."

पूर्णिमाला मोह झाला. खोटं सांगायचं तरी कितीसं, एक शब्द. तिनं अभिनवला तसं सांगितलं. तो म्हणाला, करतो. मग पडद्यावर बघता बघता म्हणाला, अगं, तुमच्याही खाली एक आहे.

खडकीतल्या दारूगोळा कारखान्याच्या निवृत्त लोकांची एक छोटी सोसायटी. वजन तेवढंच, पण तक्रार भल्या सकाळची. लिफ्टमध्ये एकच माणूस. आधी घंटा पुन्हा पुन्हा वाजली होती, नंतर वाजायची थांबली होती.

"स्पीकरवर आवाज देऊन बघ," पूर्णिमा म्हणाली.

अभिनवनं दिला. कोणी उत्तर दिलं नाही.

आधी तिकडं अग्निशमन दलाला पाठव, तिनं सांगितलं, आणि आपली तक्रार आहे तिथंच राहू दे. सरुबाईनं तिचा दंड धरला.

"आन् आमी काय करायचं? हितं कुजायचं?"

पूर्णिमानं फक्त सांगितलं की तिकडचा माणूस बोलत नाहीये. सरुबाईनं दंड सोडला, पण तोंड फिरवून घेतलं.

खडकीची सोय झाली, तरी तसे तळाशी आणखी कितीजण असतील? अभिनव म्हणाला, दर मिनिटाला सगळ्यांचं वजन थोडं थोडं वाढवू या. पूर्णिमा नाही म्हणाली. तसं केलं तर अख्खी उतरंड दर मिनिटाला उपसावी लागेल आणि प्रोग्राम पुन्हा धापा टाकेल. ती डोळे मिटून विचार करत राहिली. भिंतींकडं बघण्यापेक्षा ते बरं होतं. सगळ्यांचं वजन जर सारख्याच वेगानं वाढणार असेल, तर दोघांमधला फरक बदलतो कुठं? म्हणजे वजन वाढवायचं कामच नाही. तक्रार येतानाच तिला मुदत द्यायची. रुग्णालयाला अर्धा तास, घराला दोन तास. ज्याची मुदत आधी संपते तो वर. दीड तासानंतर येणाऱ्या रुग्णालयाची मुदतसुद्धा पुढचीच असणार, त्यामुळं कोणी कायमचा तळाशी राहणार नाही, आणि एकदा दिलेली मुदत पुन्हा बदलावी लागणार नाही.

तिनं फोनवरून एकेक ओळ सांगितली, अभिनवनं लिहून तपासली आणि चालू केली. अनिरुद्ध सर फोन उचलत नव्हते.

"आता आपण कुठं?" तिनं विचारलं.

"मध्ये कुठंतरी. पुढं बरेच आहेत," अभिनव म्हणाला. मग फोनची बॅटरी संपली.

त्यानंतरचा वेळ सर्वांत वाईट गेला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरुबाई कोपऱ्यात अवघडून बसली होती, ओठ घट्ट मिटून. काय होतंय हे पूर्णिमाच्या उशिरा लक्षात आलं. तिनं पिशवीतली भाजी काढून बाजूला ठेवली, पिशवी सरुबाईपुढं केली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"बघू नगंस," सरुबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

नंतर सरुबाई रडली, आवाज न करता. पूर्णिमानं आपली ओढणी तिच्या कमरेभोवती गुंडाळली आणि तिच्याशेजारी बसली. दोघी एकमेकींना टेकून बसल्या. घामाचा, मेथीचा आणि लघवीचा वास त्या डब्यात कोंदला होता.

संध्याकाळी तंत्रज्ञ आला. दार उघडल्यावर बाहेर सोसायटीतले लोक जमले होते आणि अध्यक्षही होते. फरशीवरच्या ओलीकडं त्यांची नजर गेली. माझी पाण्याची बाटली सांडली, पूर्णिमा म्हणाली. सरुबाई मान ताठ ठेवून त्यांच्यासमोरून गेली. आपल्या घराच्या दारात थांबून पूर्णिमाला म्हणाली, "चल, घास खाऊन जा." पूर्णिमाला मोकळ्या हवेत जायचं होतं, पण ती गेली.

खडकीच्या लिफ्टमधले रंगराव बेशुद्ध सापडले होते. मधुमेह, उपाशी पोट. रुग्णालयात रात्रीपर्यंत शुद्धीवर आले.

सोमवारी अनिरुद्ध सरांनी पूर्णिमाला बोलावून विचारलं, परवानगीशिवाय चालू प्रोग्रामला हात कसा लावलात. शनिवारी कोण किती वेळ अडकलं होतं, ते आकडे तिनं समोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, बदल काढू नका म्हणाले आणि तिला ताकीदपत्रही दिलं. तिनं ते घेतलं. ऑफिसच्या लिफ्टसमोर माणसं ताटकळत उभी होती. ती त्यांच्याजवळून पुढं गेली आणि जिन्यानं उतरू लागली.