जुन्या स्क्रीनवरचा पिवळा

श्रीशैल बीडमध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. राहायला नेकनूरला, दुकान बीडच्या बसस्टँडमागे माडीवर. फोटोग्राफर लांबलांबून त्याच्याकडे काम आणायचे ते त्याच्या रंगांसाठी. भर दुपारच्या उन्हात शूट केलेला चेहरा तो असा मऊ, गव्हाळ करून द्यायचा की घरचे लोक दोनदा बघायचे.

त्या उन्हाळ्यात तक्रारी यायला लागल्या. एका नवरीचा लाल शालू टीव्हीवर वांग्यासारखा जांभळट दिसला. मग एका हळदीच्या व्हिडिओत हळदच फिकी पडली आणि पाहुणे आजारातून उठल्यासारखे दिसले. श्रीशैलने फाईल पुन्हा उघडली, तर त्याला सगळं ठीक दिसत होतं. त्याला खायला उठलं ते हेच.

त्याचे वडील वैजिनाथअप्पा शेवटी आंधळे झाले होते. नजर जायच्या आधी ते म्हणायचे, "सगळं पिवळं दिसायलंय रे." ज्याला पिवळं दिसतं तो नकळत निळा वाढवत जाणार, एवढं श्रीशैलला धंद्यानेच शिकवलं होतं. त्याने बायकोला, ईश्वरीला, यातलं काही सांगितलं नाही. डॉक्टरकडे जायला त्याचे पाय उचलत नव्हते. रस्त्याने जाताना मात्र तो दुकानांच्या पाट्यांचे रंग मनातल्या मनात म्हणत चालायचा.

लोकांना तो सांगायचा, एडिटिंगची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जुनी झाली. त्याचा फोटोग्राफर मित्र अजिनाथ म्हणाला, "मग नवी घे की. कावून रडतो बे?" आणि एका सकाळी ओळखीच्या दुकानदाराकडून नवी मशीन, तिच्या मॉनिटरसकट, बघायला म्हणून घेऊनच आला.

दोन्ही मशिनी टेबलावर शेजारीशेजारी लागल्या. दोन्हींवर त्याच हळदीचं काम टाकलं. नुसते कट जोडून व्हिडिओ तयार केला तेव्हा दोघींत फार अंतर पडलं नाही. पण वर रंगांचे थर चढवले, रात्रीच्या शॉटमधले अंधारामुळे आलेले बारीक ठिपके, दाणे काढायला लावले, की जुनी मशीन मांजरसुंब्याच्या घाटात भरलेला ट्रक चढावा तशी कण्हायला लागली. नवी सरळ पळत होती.

"प्रोसेसर चांगला हाय हिचा," श्रीशैल जुन्या मशीनवर हात ठेवून म्हणाला. "ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. तेवढं बदललं तरी भागंल."

"ते ऱ्हाऊ दे," अजिनाथ म्हणाला. "जुन्या स्क्रीनवर समदं पिवळं कावून दिसायलंय?"

श्रीशैल इतका वेळ नुसता वेग बघत होता. आता त्याने रंगांचे थर काढून दोन्हीकडे मूळ शूटमधली तीच फ्रेम थांबवली. नवरदेवाच्या मामाचं धोतर नव्या स्क्रीनवर पांढरं होतं. जुन्या स्क्रीनवर ते चहात बुडवून काढल्यासारखं होतं. त्याचा हात माऊसवरच राहिला.

त्याने उठून वायरी बदलल्या. जुनी मशीन नव्या स्क्रीनला जोडली, धोतर पांढरं. नवी मशीन जुन्या स्क्रीनला जोडली, धोतर पुन्हा पिवळट.

"स्क्रीनच गेली हाय," अजिनाथ म्हणाला. "रोज थोडी थोडी पिवळी झाली आसंल, तुला कळलंच न्हाई."

"मला फरक दिसतोय," श्रीशैल म्हणाला.

"मंग? आंधळ्याला बी दिसंल."

श्रीशैल खुर्चीत बसला. डोळ्यांतच पिवळं असतं, तर दोन्ही धोतरं सारखीच पिवळी दिसली असती. त्याने मोठा श्वास सोडला. अंगातलं कसलं तरी ओझं उतरल्यासारखं वाटलं. ईश्वरी नेकनूरहून बसने डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता. त्याने तिला सगळं सांगितलं, अप्पांपासून पाट्यांपर्यंत.

डबा उघडून तिने भाकरी त्याच्यापुढे ठेवली.

"उन्हाळाभर एकल्यानंच भेत बसलात," ती म्हणाली. "मी काय परकी हाय का?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. अन् दुसऱ्याच दिवशी डाक्टरकडं नेलं असतं. आता बी उद्याच जायचं. स्क्रीनचं कळलं, डोळ्याचं डाक्टरच सांगंल."

त्याने मान हलवली आणि भाकरी मोडली. नवी मशीन परत पाठवायची, नवा मॉनिटर आणि एक कार्ड तेवढं घ्यायचं, असं जेवतानाच ठरलं. अजिनाथ थोडा कुरकुरला, पण ठेचा मागून घेऊन तोही जेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून, दिवा मारून नीट तपासलं. जवळचा नंबर लागला होता, तो वयाचा. बाकी डोळे चांगले होते. वडिलांचं ऐकून ते म्हणाले, "दर वर्षी दाखवत जा. आज काळजीसारखं काही नाही."

थेंबांमुळे बाहेर आल्यावर श्रीशैलला काहीच नीट दिसेना. ऊन पांढरंफटक, समोरचे लोक धुरकट. रिक्षा समजून त्याने एका टेम्पोला हात केला. ईश्वरीने त्याचं मनगट धरून त्याला मागे ओढलं.

"थांबा जरा. दिसतंय का काही?"

"काय बी न्हाई," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात हसत सुटला. थोड्या वेळाने तीही हसली.