नऊ शिपायांचा रंग

“इथे नको, बाहेर उजेडात दाखवा,” सीताराम घाडी म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता दुकानाबाहेर पडून जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दादरला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते दुकान होतं. जोडायची विमानं, रणगाडे, आणि बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई. शिपाई कोरे, राखाडी मिळतात. ते घरी नेऊन रंगवायचे, पलटणी उभ्या करायच्या आणि टेबलावर फासे टाकून लढाया खेळायच्या. खेळणारे सगळे नोकरीधंद्याचे, मोठे लोक. दुकान चालवणारी लतिका नवशिक्यांच्या रंगांचा खोका घेऊन त्याच्यामागे जिन्यात आली.

“काका, बिगिनर्सना मी हाच देते. दहा बाटल्या, दोन ब्रश. स्किनचा रंग, चामड्याचा, चिलखताचा, सगळे तयार. मिक्सिंगची कटकट नाही.”

“यातल्या सात मला नकोत.”

“सेट फोडून नाही हो देता येत.”

“मग दुसरा बघू. लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा आणि एखादा मातीचा. एवढं बस्स झालं.”

“तो आहे, पण मिक्स करणाऱ्यांचा. पहिल्यांदा घेणाऱ्याला नाही देत मी. हात बसलेला लागतो, नाहीतर लोक वैतागतात आणि मला शिव्या देतात.”

सीतारामने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत एक रंगवलेला शिपाई होता. हातात भाला, कमरेला पट्टा, अंगात गुडघ्यापर्यंतचा डगला.

“या डगल्याचा रंग तुमच्या कुठल्या बाटलीत आहे?”

लतिकाने आत जाऊन चार बाटल्या आणल्या, एकेक शिपायाशेजारी धरली. एकही जुळली नाही. “हा कुणीतरी मिक्स केलाय. काय सुंदर केलाय! नातवाने?”

“मुलाने.”

“मग त्यांनाच विचारा ना, काय काय घातलं ते.”

“तो गेला. ऑगस्टात.”

लतिकाने आत जाऊन दुसरा सेट आणला, बाटल्यांची झाकणं घट्ट आहेत का बघितली. पिशवी हातात देताना मात्र तिला राहवलं नाही. “काका, आधी एकावर लावा आणि पूर्ण वाळू द्या. हा रंग वाळला की चढतो.”

“वाळला की रंग उतरतो, बाई,” सीताराम म्हणाला. “रंगखात्यात होतो मी.”

लालबागच्या एका गिरणीच्या रंगखात्यात तो एकोणिसाव्या वर्षी लागला. साध्या कामगाराचं काम, पण दोन वर्षांत रंगमास्तरच्या लक्षात आलं की या पोराला डोळा आहे. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुन्याचा तुकडा आणि पिंपातून काढलेलं कापड शेजारी धरून शेड जुळली की नाही हे सांगायला मास्तर त्याला बोलवू लागला. सीताराम कापड घेऊन उत्तरेच्या दारात जायचा. जुळली असेल तर काहीच बोलायचा नाही. नसेल तर “निळा कमी” किंवा “लाल मारतोय” एवढंच. त्याचं बोलणं असं कामापुरतं झालं ते कायमचंच.

जानेवारी ब्याऐंशीत संप झाला. गिरणी पुढे अर्धीमुर्धी सुरू झाली, रंगखातं उघडलं नाही. सीताराम दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये लागला. साडी घेऊन बायका यायच्या, तो ती रस्त्यावरच्या उजेडात नेऊन बघायचा आणि भिंतभर ठाणांतून नेमकं ब्लाऊजपीस काढायचा. घरी गुणवंती त्याच दुकानाच्या साड्यांना फॉल लावायची. चौऱ्याऐंशीत त्यांना मुलगा झाला, दिगंबर. एकुलता एक. दिगू कुरिअर कंपनीत हिशेबनीस झाला, लग्नाचं काही जमलं नाही, रविवारी सकाळी तो मित्रांकडे जायचा. चौतिसाव्या वर्षी डेंग्यूने चार दिवसांत गेला.

रविवारी तो काय करायचा हे सीतारामला माहीत नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी दिगूच्या बॅगेत असा एक शिपाई सापडला होता. “तिशीचा घोडा झालास आणि बाहुल्यो रंगवतंस?” सीताराम म्हणाला होता. दिगू हसला होता. त्यानंतर घरात शिपाई दिसला नाही, आणि सीतारामने विचारलंही नाही.

दिवाळीनंतर माझगावहून आर्थर आला. दिगूचा मित्र, गोदीत सुपरवायझर, दाराएवढा उंच. त्याने एक लाकडी खोका आणला होता. दिगूचं सगळं सामान इतकी वर्षं त्याच्याकडेच असायचं. एकवीस शिपायांची पलटण, त्यातले बारा रंगवून झालेले, नऊ कोरे.

“अंकल, डिसेंबरात आमचा मोठा गेम असतो. यंदा दिगूची आर्मी उतरवायची असं सगळ्यांनी ठरवलंय. फक्त आमचा एक रूल आहे. बिनरंगाचा शिपाई टेबलावर येत नाही. हे नऊ मी करून टाकतो. जरा कलरचा लोचा आहे, तो स्वतः मिक्स करायचा, कुठे लिहिलेलं नाही. थोडा फरक पडेल, पण चालतंय.”

सीतारामने एक शिपाई उचलला आणि गॅलरीत नेला. साड्यांतला हिरवट रामा आणि निळा चिंतामणी यांच्या मधला रंग, वर राखेचा हलका हात. पदराचा रंग बघून साडी कुठली ते सांगणाऱ्या सीतारामला आपल्या मुलाने हा रंग कुठे बघितला असेल ते सांगता येईना.

“फरक कित्याक पडात?” तो आत येत म्हणाला. “मी करतंय. डगले माझे. तोंडं, पट्टे तू कर.”

गुणवंतीने फॉलवरची मान वर केली. “तुमका जमतला?”

“जमतला म्हणजे? जलम कशात गेलो माझो?”

म्हणून मग दादर, तो सेट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत चटई. दिगूचा शिपाई मधोमध. चिनी मातीच्या बशीत सीताराम थेंब मोजत गेला. निळा, पिवळा, पांढरा, काळ्याचं टोक. पाऊण तासात रंग आला. अगदी तोच. मग त्याने त्यात आणखी निळा आणि काळा घातला. ओलं कापड गडद दिसतं आणि वाळलं की दोन पायऱ्या उतरतं, म्हणून पिंपातला माल नमुन्यापेक्षा चढा ठेवायचा, हे रंगखात्यातल्या नऊ वर्षांत हाताला लागलं होतं. आणखी एक गोष्ट लागली होती. एका लॉटचा सगळा माल एकदमच काढायचा, पुन्हा कालवलेला रंग पुन्हा तोच येत नाही. त्याने नऊच्या नऊ डगले एका बैठकीत संपवले.

जेवून बाहेर आला तेव्हा कठड्याशी नऊ शिपाई जवळजवळ काळे उभे होते.

त्याने एकाच्या डगल्याला बोट लावून बघितलं. गुणवंती मागे येऊन उभी राहिली.

“अजून ओले आसत?” तिने विचारलं.

“नाय. वाळले.”

“मगे?”

“चढलो रंग,” तो म्हणाला. “त्या बायेन सांगितल्यान होता माका.”

गुणवंतीने आत जाऊन चहा टाकला. छत्तीस वर्षांच्या संसारात शेड चुकली असं तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. गिरणी गेली, फंड अडकला, मुलगा गेला, तेव्हाही हा माणूस गॅलरीत असाच उभा होता, पण चुकलं माझंच असं म्हणायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

संध्याकाळी सीतारामने आर्थरला फोन लावला. “नऊच्या नऊ बाद केले मी,” एवढंच म्हणाला.

आर्थर दुसऱ्या दिवशी कामावरून थेट आला. “टेन्शन नका घेऊ अंकल. लिक्विडमध्ये बुडवतो, टूथब्रशने घासतो, परत कोरे. दहा वेळा केलंय आम्ही.” शिपाई रुमालात गुंडाळता गुंडाळता तो हसला. “तुम्ही पण गॅलरीतच बसता काय? दिगू सेम. आमच्याकडे चांगली ट्यूबलाइट आहे, पण हा बशी घेऊन बाल्कनीत. आम्ही चिडवायचो. म्हणायचा, ट्यूबखाली रंग खोटं बोलतो.”

सीताराम शिपाई मोजत होता. त्याचा आकडा चुकला आणि त्याने पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतले.

हे वाक्य सीतारामचंच होतं. मॅचिंग सेंटरमध्ये दिवसातून दहादा म्हणायचा. शाळेला सुट्टी असली की दिगू डबा घेऊन यायचा आणि काउंटरच्या टोकाशी बसून राहायचा, तेव्हा ऐकलं असेल. घरी मात्र त्या दोघांचं रंगाबद्दल कधी काही बोलणं झालं नाही. नळ, गॅस, लाइटबिल, डॉक्टर. त्यापलीकडे नाही.

कोरे शिपाई परत आले तेव्हा खेळाला आठ दिवस होते. या वेळी सीतारामने घाई केली नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक ठिपका द्यायचा, वाळेपर्यंत थांबायचं, दिगूच्या शिपायाशेजारी धरायचं, “निळा कमी” असं काही पुटपुटत थेंब लिहून ठेवायचे. चौथ्या दिवशी सकाळी सतराव्या ठिपक्यापाशी तो गप्प झाला. गुणवंतीला कळलं, जुळली. रंग एकदाच कालवून त्याने डबीत बंद ठेवला आणि नऊ डगले दोन दिवसांत केले. मग आर्थर सगळी पलटण घेऊन गेला. त्या नऊ शिपायांची तोंडं, पट्टे, भाले त्याने अगदी दिगूच्या पद्धतीने केले आणि एकवीसच्या एकवीस शिपायांवर मॅट वॉर्निशचा फवारा मारला, म्हणजे हाताळून रंग जाणार नाही.

रविवारी दोघं माझगावला गेले. आर्थरच्या घरी पुढच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या. सहासात माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी गुणवंतीला खुर्ची दिली. दिगूची पलटण टेकडीखाली मांडून झाली होती, तीन रांगांत सात सात.

“दिगूचे खंयचे?” गुणवंतीने विचारलं.

सीताराम वाकला. चष्मा पुसून पुन्हा लावला. मग एक शिपाई उचलून खिडकीशी गेला, तो परत ठेवला, दुसरा नेला. तिसरा नेला. डगला डगल्यासारखा. वरचं वॉर्निशही एकच.

रंगखात्यात नमुन्याचा कोपरा कात्रीने उडवायचे, म्हणजे माल कितीही जुळला तरी नमुना वेगळा राहायचा. मॅचिंग सेंटरमध्ये साडी बाईची आणि पीस दुकानाचं, तिथे घोळ नव्हता. या शिपायांच्या बुडाला एक टिंब दिलं असतं तरी झालं असतं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष फरक राहता कामा नये यावर होतं.

“अंकल?” आर्थर हळूच म्हणाला. त्यालाही उमगलं होतं. “सॉरी. मी पण बघितलं नाही. सगळे एकदमच ट्रेमध्ये लावले.”

“तुझा नाय काय,” सीताराम म्हणाला. “शेड जुळलीहा.”

हातातला शिपाई त्याने रांगेतल्या रिकाम्या जागी ठेवला, इतरांची तोंडं होती त्याच दिशेला नीट फिरवला आणि गुणवंतीशेजारी येऊन बसला. ती त्याच्याकडे बघत होती.

“माका नाय कळणा,” तो तिला म्हणाला.

आर्थरने फासे टाकले. खेळ सुरू झाला. पहिल्या वीस मिनिटांत पुढच्या रांगेतला एक शिपाई पडला आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी तो उचलून टेबलाच्या कडेला आडवा ठेवला. गुणवंतीने हात पुढे केला, तो घेतला आणि पदराखाली मुठीत धरून बसली. कुणाचा, ते तिने पुन्हा विचारलं नाही.