समुद्राच्या लेकीची पत्रिका

समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नाही. तरी त्याच्यावर चाळीस पानांचं चित्रपुस्तक काढत होतो, म्हणजे शहाणपणाची कमालच. गोष्ट निशाची, चित्रं माझी. आमच्या गावचा तलाव निशाच्या कोहळी जातीच्या पूर्वजांनी बांधला. समुद्राची लेक घर सोडून त्यात राहायला आली, असं तिचा आजा बकाराम सांगतो. आमच्या पुस्तकात ही लेक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती वाहणाऱ्या एका पोरीच्या प्रेमात पडते. त्या पोरीला मी निशाचं नाक दिलं. लेकीला कोणाचं दिलं, ते निशाला विचारावं लागलं नाही.

शेवटच्या पानावर मी दोघींची लग्नपत्रिका काढली. वर मोठ्या अक्षरांत ‘निशा’, खाली बारीक अक्षरांत माझं, ‘उर्वशी’. बारीक, कारण मी भित्री. माझे बाबा, जियालाल मास्तर, याच गावच्या शाळेत शिकवतात.

सोमवारी सकाळी कॉलेजला जायला अर्जुनीच्या बसची वाट पाहत होतो. निशा सहज म्हणाली, "ते पान फाडून पाळीवर ठेवून आली मी."

आमच्या गावात लग्न ठरलं की पहिली पत्रिका समुद्राच्या लेकीला. पाळीवर तिचा दगड आहे, तिथे ठेवायची. तिला वाचता येत नाही, म्हणून बकारामआजा दर सोमवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. वाचलेलं लग्न ती मोडू देत नाही, असं म्हणतात.

"काऊन ठेवली? आज सोमवार हाय," मी म्हणाले.

"म्हणूनच त ठेवली. तुह्ये बाबा बदली मागून राहिले. तू गेली त मी काय करू? आज्याले बारीक दिसत नाही. दिसत नाही ते तो नुसतं दगडाले टेकवते. तिले समजते."

तिचा खरंच विश्वास होता; वरचं मोठं ‘निशा’ आज्याला दिसेल, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मला तिचा राग आला आणि तिच्यावर प्रेमही आलं. बस सोडून मी पाळीकडे पळत सुटले.

पाळीवर आठ-दहा माणसं होती. त्यांत निशाचे वडील, दुधरामकाकाही होते. आज्याच्या हातात माझंच पान होतं.

"वर निशा लिहलं दिसते," तो डोळे बारीक करून म्हणाला. "माह्या नातीचं नाव. खालचं दिसत नाही. पोरी, तू शिकलेली हायस. वाच."

दुधरामकाकांनी मान वर केली. निशा धापा टाकत माझ्यामागे येऊन थांबली. कागदावर माझं नाव होतं, माझ्याच हातचं. मला बाबांचा चेहरा दिसला, शाळेचं फाटक दिसलं. निशा दिसायला हवी होती, ती दिसली नाही.

"टिकेश," मी वाचलं. आणि कागद मुठीत चुरगळला.

काका निशाकडे वळले. "खरं हाय का हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाली असती तर काकांनी माझी मूठ उघडली असती. तिला ते कळत होतं.

"हो," ती म्हणाली.

गावात टिकेश तीन. काका तिघांच्याही घरी जाऊन आले, त्यातला एक दुसरीत आहे. निशाचा मोबाइल गेला, कॉलेज गेलं. बुधवारी तिला दरेकश्याला आत्याकडे पोचवलं. आता परीक्षेपुरती आणणार म्हणे, तेही काकांना वाटलं तर.

गुरुवारी मी पाळीवर गेले. वाटलं, आज्याला सांगून टाकावं, मग माझं काहीही होवो. तो दगडापाशी एकटाच बसला होता.

"आजा, मी खोटं वाचलं. ते नाव टिकेश नव्हतं."

त्याने माझ्या आवाजाकडे तोंड केलं. "मंग कोनाचं होतं?"

आजूबाजूला कोणीही नव्हतं. तो वाट पाहत राहिला. माझ्या तोंडातून माझं नाव निघालं नाही.